ई-बुकं माझ्या ताब्यात

१ जुलै
आज सोन्याचा दिवस! विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-बुकं आली. इनचार्ज कोण? अस्मादिक! ग्रंथपाल मेहनाज मॅडम म्हणाल्या, नेमसिंगकाका, ऑगस्टअखेर तुम्ही रिटायर. पण पोरं ई-बुकं वाचायला लागली, तर समितीला सांगून तुम्हाला वर्षभर ठेवून घेऊ. म्हणजे झालंच की! घरी बायकोला, रुपीबाईला सांगितलं, आता मी काही हलत नाही. म्हणे, पहिले मोबाईलची घंटी बंद कराले शिका.
पिकतं तिथं विकत नाही.

२ जुलै
पासवर्ड आला. चिठ्ठीवर लिहून करदोड्याला बांधला, कपाटाच्या किल्लीशेजारी. आजवर माझ्या हातून एक पुस्तक हरवलेलं नाही. कॉम्प्युटरवर डांबरगोळ्या ठेवल्या. कसरीचा काय भरवसा?

९ जुलै, दुपार
गर्दीच गर्दी! एम.ए.ची कशफ अर्थशास्त्राचं ई-बुक वाचत बसलेली, मागे त्याच पुस्तकासाठी रांग. म्हणे, काका, हे एका टायमाले सगळ्याईले वाचता येते, तुमी पासवर्ड तं सांगा. मी नुसता हसलो. पोर आहे. एक पुस्तक शंभर जणांनी ओढलं तर उरेल काय? बाकीचे वेटिंगवर. शिस्त म्हणजे शिस्त.

१७ जुलै
कशफला मीच पासवर्ड टाकून पुस्तक मोबाईलमध्ये दिलं होतं. मुदत संपली. म्हणे, परत कसं करू काका, ते तं मोबाईलातच हाय. त्यात काय! मोबाईलच जमा करून घेतला. कपाटात, कुलपात.
थोड्या वेळानं कपाट गाऊ लागलं. थांबेचना. मग कशफची आई जैनबबी छत्री उगारून हजर. म्हणे, भाईजान, पोरीचा फोन काहून कोंडून ठेवला, ते काय कोंबडी हाय?
मोबाईल दिला. पण नियम समजावूनच दिला. (ती तोवर फाटकाबाहेर गेलती.)

२९ जुलै
महागावला साडूकडे बारसं. रजा घेणं भाग. पासवर्ड मॅडमच्या हवाली केला. पाळणा हलवतानाही जीव ग्रंथालयात.

३० जुलै
सगळी पुस्तकं जागेवर. हुश्श! मॅडम भलत्याच खुशीत. मी परत आल्याचा आनंद असणार. पासवर्ड मागून घेतला, पुन्हा करदोड्याला.

२० ऑगस्ट
समिती आली! नवा सदरा घातला. पडद्यावर वाचनाचा आलेख लावला. रेघ सगळीकडे जमिनीला टेकलेली, एकाच दिवशी ताडासारखी उंच. अध्यक्ष थक्क. विचारलं, मॅडम, या दिवशी तुम्ही असं काय केलं होतं? मॅडम खाली बघू लागल्या. बिचाऱ्यांना आठवेना. मी तारीख ओळखली, पुढे झालो, सांगितलं, सर, त्या दिवशी मी रजेवर होतो.
अध्यक्ष पोट धरून हसले. माझी पाठ थोपटली. वर्षाचं पक्कं! येताना पेढे आणले.

३१ ऑगस्ट
शाल, श्रीफळ, टाळ्या. कशफनं हार घातला. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, काका, समितीचं म्हणणं पडलं, तुमची ती रजा अशीच पुढं चालू ठेवावी.
घरी रुपीबाईनं विचारलं, काय झालं मंग?
म्हटलं, रजा मंजूर झाली.