तरंगत्या धक्क्यावरचा वाढदिवस

रॉटरडॅम, ४ मे

ती. यान्नामावशीस,
सा. न. वि. वि.

माझं तरंगतं बंदर अखेर पाण्यात उतरलं. बुडालं नाही, हे आधी सांगते, कारण आरीकाकांनी तशी पैज लावली होती म्हणे. धक्का भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो आणि उन्हावर स्वतःची वीज करतो, म्हणजे बांधलेल्या जहाजाला डिझेल जाळत बसायला नको.

घोडं एकाच ठिकाणी अडलंय. बावीस तारखेला बंदर खात्याचे साहेब पाहणीला येणार, तेव्हा मालाने भरलेलं खरंखुरं जहाज धक्क्याला लागलेलं हवं. नाही लागलं तर परवाना नाही, आणि माझी सहा वर्षं भंगारात. सगळ्या कप्तानांचे पाय धरून झाले, पण पहिला व्हायला कोणी तयार नाही. काकांना तेवढं जहाज घेऊन यायला पटव ना. गुडघा काय म्हणतो?

तुझ्या लोभाच्या भरवशावर बंदर बांधून बसलेली,
सास्किया

डॉर्ड्रेख्ट, ९ मे

चि. सास्कियास,
अ. उ. आ.

गुडघा ठीक आहे, काका ठीक नाहीत. तुझं पत्र ऐकून म्हणाले, जहाज हलतं म्हणून तर बंदर लागतं, आता बंदरही हलणार असेल तर माणसानं उलटी करायला जायचं कुठे? इकडे आमचं राहतं जहाज उभं असतं त्या धक्क्यावर फ्लॅट येणार आहेत. जागा सोडायची नोटीस आली की हे तिच्यावर कॉफीचा कप ठेवतात. जायचं कुठे, हे विचारलं की इंजिनघरात जाऊन बसतात. मला काळजी वाटते.

ते असो. तू बावीस मे लिहिलंस आणि पुढे गुडघ्याची चौकशी केलीस. त्या दिवशी मी पंचाहत्तर वर्षांची होणार, बाई. घरोघरी असतं तसं तुझ्या आईच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि त्याच्यासमोर तू तासन्‌तास बसायचीस, तरी लक्षात नाही? तुझ्या बंदरावर संडास असेल तर तिथे एक लाव.

लोभ सध्या स्थगित आहे.
मावशी

रॉटरडॅम, १२ मे

ती. मावशीस,
सा. न. आणि नाक घासून माफी.

कॅलेंडर लावलं. आता वाढदिवस इथेच करू. खुर्च्या गोल मांडते, केक रीतीप्रमाणे माणशी एकच तुकडा. काकांना सांग, धक्क्याला लागू नका हवं तर, नुसतं बायकोला वाढदिवसाला घेऊन या. उतरताना दोरी कुठेतरी बांधावीच लागेल. जहाजात वाळू भरलेली असली तर सोन्याहून पिवळं.

लोभ पूर्ववत चालू करावा,
सास्किया

तुझ्याच बंदरावरून, ३० मे

चि. सास्कियास,
अ. आ.

पत्रं लिहिणं तुझ्या मावशीचं काम, पण हे मला लिहायचं आहे. परवाना मिळाला, बरं झालं. त्यात माझा हात नाही, मी फक्त पाहुणा होतो. साहेबांना मात्र तू बरं गोलात बसवलंस. बिचाऱ्यांनी रीतीप्रमाणे माझं, तुझं, तुझ्या बाबांचं, सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि शेवटी विचारलं, वाढदिवस नक्की कोणाचा? तेवढ्यात एक मोठं जहाज शेजारून गेलं. लाटा बघून मी दोन्ही हातांनी कप धरले. सगळे माझ्याकडे बघत होते. तुझ्या धक्क्यावर कॉफी जागची हलली नव्हती.

तुम्ही गेल्यावर मी दोरी सोडायला निघालो, तर मावशी गाढ झोपलेली. धक्क्याची वीज घेतली म्हणून जनरेटर बंद होता. लग्न झाल्यापासून आम्ही त्याच्या घरघरीत झोपतोय. मग मीही आडवा झालो. सकाळी उठल्यावर म्हणाली, आरी, तू घोरतोस हे मला आज कळलं. इतकं खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही.

जुन्या धक्क्याची नोटीस मी पाण्यात टाकणार होतो, पण तुझं बंदर पर्यावरणाचं, म्हणून कचऱ्यात टाकली. तू विचारतेस, खात्याला कळवायचंय, जहाज कधी हलवता. खात्याला कळव की आरीचं इंजिन बिघडलंय. इंजिन ठणठणीत आहे. थकलोय तो मी, पण ते खात्याला कशाला सांगायचं?

लोभ असू दे, आणि येताना कॉफी घेऊन ये, संपली आहे.
आरीकाका