धरणाच्या कोरड्या तळात

पाली, मंगळवार संध्याकाळ

आमच्या पोरी सराव करायच्या ते साखर कारखान्याचं मैदान गेलं. तिथं जनावरांची छावणी लागणार. ते रास्तच हाय, जनावरं जगली पाहिजेत. पण चेअरमनसाहेब वर म्हणाले, "गुरुजी, दुष्काळात पोरींना फुटबॉल कावून?"

ते 'कावून', म्हंजी 'कशापायी', डोक्यातून जाईना. मी म्हणालो, "साहेब, विहिरींच्या कामाला आलेल्या डेन्मार्कच्या पाहुण्यानं मला मिडफिल्डला खेळायला शिकवलं, तवाबी दुष्काळच होता. पुढं तुमच्याच कारखान्याच्या संघात खेळलो."

मी पोरींना घेऊन सरळ कोरड्या धरणात उतरलो. भेगाळलेल्या गाळावर चेंडू कसाही उडतो. कप्तान सविता म्हणाली, "सर, इथं जमलं तर आमाला कोण अडवील?"

उद्या चुन्याच्या रेषा मारतो. पाऊस पडून धरणात पाणी आलं तर हसत इथनं उठू. कुणाच्या 'कावून'नं न्हाई.