डावी पोटरी

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज यांना चांगलंच झापलं. "लोकांच्या घरांचे आराखडे काढता ना? मग त्या घरांना जिने असतात हे माहीत असेल तुम्हाला!" हे हसले. मला नाही हसू आलं. वजन, साखर, रक्तदाब — सगळंच काठावर. "अजून काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. तो 'अजून' घरी येईपर्यंत कानात राहिला.

घरूनच काम करायला लागल्यापासून हे सकाळी खुर्चीत बसतात ते दिवे लावायच्या वेळी उठतात. जेवणसुद्धा तिथेच, कीबोर्ड बाजूला सारून. मी तरी काय वेगळी? बँकेत दिवसभर पडद्यावर सह्या ताडून बघायच्या — खरी कुठली, खोटी कुठली. संध्याकाळी उठताना कंबर आधी 'थांब' म्हणते.

आता दोघांनीही हलायचं. मला हे हवे आहेत. म्हातारे, चिडके, कसेही — पण हवे आहेत!

५ फेब्रुवारी, बुधवार

तोड सापडली! दर तासाला मी ऑफिसातून यांना मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे — उठा. यांनी जिना उतरून-चढून यायचं आणि मला उलटा मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे — आलो. तेवढ्यात मीही माझी फेरी उरकायची.

"अगं, शाळेची घंटा आहे का ही?"

"हो. आणि मी हेडबाई."

सासूबाई दारातूनच, "लहानपणी याला एका जागी बसवता बसवता माझा जीव जायचा. आता उठवायला बायकोला घंटा वाजवावी लागते! देवा रे!"

११ फेब्रुवारी, मंगळवार

चालतंय! मी मागच्या जिन्यानं जुन्या फायलींच्या खोलीपर्यंत जाते आणि परत येते. शेजारच्या टेबलावरची — तिला आम्ही सगळे 'आकाशवाणी' म्हणतो — रोज ओरडते, "निघाली बघा गस्त!" आज तीच मागून आली, धापा टाकत. "तुझ्या या व्यायामापायी कुणीतरी मरणार एक दिवस," म्हणाली. सगळे हसले. मीही.

परत येऊन टेकते तोवर फोन एकदा वाजतो. यांचं नाव दिसतं आणि विझतं. किती बरं वाटतं! कामाच्या धबडग्यात आम्ही एकमेकांची इतकी आठवण कधी काढली होती?

१५ फेब्रुवारी, शनिवार

यांची डावी पोटरी दुखतेय. भरून आली असणार. मी मनातून खूश!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी तेल कोमट केलं आणि यांचा पाय मांडीवर घेतला. किती वर्षांनी! नडगीवरचे केस पांढरे झालेत. मला पत्ताच नव्हता. एकाच घरात राहून माणूस असा नकळत म्हातारा होतो.

"हळू गं."

"दुखणारच. जिन्याची सवय कुठंय तुम्हाला?"

माझ्याकडे नुसते बघत राहिले. मला वाटलं, कौतुकानं.

मी तेलाची वाटी उचलली तेव्हा हळूच म्हणाले, "उद्या पण चोळशील?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

पोटरी हाताला गरम लागते. उजवीपेक्षा फुगलेलीही वाटते. सकाळी डाव्या पायात चप्पल जाईना. सासूबाई म्हणाल्या, "लचक भरली असेल. नीट रगड, मोकळी होईल." रगडली. चांगला जोर लावून. यांनी उशी दाताखाली धरली होती.

रविवारपर्यंत सूज उतरली नाही तर दाखवायचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सूज कालही उतरली नव्हती. म्हणून आज अर्धी रजा टाकून घरी आले, यांना दवाखान्यात न्यायला. किल्लीनं दार उघडलं. हे पाठमोरे, पडद्यात डोकं घातलेलं. मिस्ड कॉलची वेळ झालीच होती. म्हटलं, गंमत करू. दारातूनच फोन लावला.

त्यांचा वाजला. डोळे पडद्यावरच. जरा वेळ गेला — जिना उतरून-चढून यायला लागेल तेवढाच! मग डावा हात फोनकडे गेला, अंगठा फिरला, आणि माझ्या हातातला फोन वाजला.

आलो.

ते दचकून वळले. चेहरा असा उतरला, जणू चोरी करताना सापडले होते.

"एकदाही नाही?" मी विचारलं.

"पहिले दोन दिवस केलं गं. मग कामाचा ढीग... तू तिकडे वाट बघत बसशील, काळजी करशील, म्हणून..."

सासूबाई आतून म्हणाल्या, "तो कुठला उठतोय! चहासुद्धा मीच नेऊन देते. मला वाटलं, तुला माहीत आहे."

दिवसभर खोट्या सह्या पकडते मी. त्याचा पगार घेते!

फार बोलले. नको ते बोलले. दवाखाना राहूनच गेला. शेवटी फोन केला तर डॉक्टरीणबाईंची वेळ बुधवारची मिळाली.

आता अंथरुणावर पडल्या पडल्या एकच प्रश्न डोक्यात फिरतोय. जिना चढलेच नाहीत, तर पोटरी कशानं दुखते?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज तेल लावलं नाही. वेळ नव्हता म्हणून — छे, रागानंच. मिस्ड कॉलही दिला नाही.

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "आज स्वतःहून जिना चढउतार करत होता. एकदा नाही, कितीतरी वेळा. नको म्हटलं तर म्हणाला, 'तिला सांग, खरंच केलं.'" घामानं शर्ट भिजला होता म्हणे. धाप लागली होती. छातीत जरा टोचतंय, असंही म्हणाले.

सवय नाही ना. होईल.

राग गेला माझा. पण तसं सांगितलं नाही. उद्या दवाखान्यातून येताना सांगेन.

१ मार्च, शनिवार

हे बुधवारी सकाळी गेले. दवाखान्यात निघताना, दारातच. बसून बसून पायात रक्ताची गुठळी झाली होती. तिथून ती वर छातीत गेली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "सुजलेला पाय कोणी चोळत होतं का?" माझं तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या.

"मी," त्या म्हणाल्या. "रोज चोळायचे. मीच."

आणि पाठीमागे हात नेऊन माझं मनगट घट्ट दाबून धरलं, मी बोलू नये म्हणून.