टेबलावर हात टेकू नकोस

बाळा, तू मागवलेलं टेबल आलंय. त्यावर हात टेकू नकोस, एक पाय डुगडुगतोय. सागवान म्हणून घेतलंस, पण आत दाबलेला भुसा आहे आणि वर लाकडाच्या रेघांचा कागद. निम्म्या किमतीचे ते 'शेवटचे दोन तास' महिनाभर चालूच आहेत म्हणे. हे सूनबाईने मोबाइलवर दाखवलं, तिच्यावर चिडू नकोस. स्क्रू आवळताना भोक मोठं झालं, ती चूक माझी. भुशात स्क्रू धरत नाही, हे जन्मभर सुतारकाम करूनही विसरलो. खोकं जपून ठेवलंय, परत पाठव.

मी वखारीत लाकूड बघायला जातोय, जेवायला थांबू नका. टेबलाच्या जागेचं माप आहे माझ्याकडे. आपण या घरात आलो त्याच दिवशी घेऊन ठेवलं होतं, तू विचारशील म्हणून.

बाबा