धुतलेलं तांबं

प्रिय काका,

आज धाडच्या बाजारात काकू इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या दोरवाल्याच्या हातातलं मापच सुटलं. का ओरडली, हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. म्हणून लिहायला बसलो. पत्ता काय टाकायचा ते मागाहून पाहू.

पण आधीपासून सांगावं लागेल. तुम्ही म्हणायचे ना, "भिंगऱ्या, तू चिखलीले जातो म्हनून निंघतो अन् मेहकरात सापडतो." पत्राचंही तसंच होणार. सांभाळून घ्या.

आपली ओळख कशी झाली, आठवते? मी तेव्हा जेसीबीवर हेल्पर होतो. दहावी कशीबशी काढल्यानंतरचं कितवं काम ते मलाही आठवत नाही. एका विहिरीच्या गाळात शिवराई सापडली, महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. मी ती विटेच्या भुकटीनं मन लावून घासली, पँटीला पुसली आणि तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही बाजारात निंबाखाली कुलपं-किल्ल्या दुरुस्त करत बसलेले, बाजूला हिरव्या कापडावर जुनी नाणी मांडलेली. तुम्ही शिवराई उचलली, उन्हाकडे तिरपी धरली आणि कपाळावर हात मारला.

"काऊन बे, हे तुनं घासलं?"

"हाव. चमकते ना?"

"मेल्यावर आंघोळ घातली तं मानूसही चमकते! मारलं तुनं याले."

आणि तरी ती घेतली तुम्ही! वर मला भजी-चहा पाजला. मग ती शिवराई कायम कापडाच्या कोपऱ्यात ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला, की असं करू नका म्हणून. माझी फजिती तुम्ही प्रत्येक बाजारात मांडून ठेवायचे आणि मी ती पाहायला परत परत यायचो. का यायचो? मलाच ठाऊक नाही. कुठंच न टिकणारा माणूस मी.

तांब्याची पारख तुम्ही शिकवली. कोरं, चाललेलं, थकलेलं, गेलेलं. नाण्याला माणसाचेच शब्द लावायचे तुम्ही. इंग्रजी पैशावर राणीच्या मुकुटाखालची बट न् बट दिसली तर कोरं. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड बोटाला लागली तर चाललेलं, पण ठणठणीत. "अन् हा काळेपना मळ नोहे बे, ही त्याची कातडी हाय. कातडी सोलली की भाव गेला." धुतलेलं नाणं पुढे आपोआप काळं पडतं, पण ओळखणारा ओळखतोच, हेही तुम्हीच सांगितलेलं. एकदा मी हिवऱ्याच्या पंगतीत वाढायला म्हणून गेलो आणि महिन्यानं उगवलो. कुठं होतास, हेसुद्धा विचारलं नाही. एक पैसा हातात ठेवला आणि म्हणालात, "सांग, कसा हाय?" त्या पंगतीतली वांग्याची भाजी काय होती, काका! बरं, ते राहू द्या.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तुम्ही माझा हात धरला होता. "माह्या डब्यातलं तांबं तू पारख. कदर करनाऱ्याले दे. तुह्या काकूच्या सैपाकघरावर पत्रे हायेत, तिथं स्लॅब पडू दे." मी हो म्हणालो. मग तुम्ही गेलात. मी सोयाबीन काढायच्या मशीनवर वरवट बकालकडे गेलो आणि दिवाळी उलटल्यावर तुमच्या दारात आलो.

काकूनं पितळी ताट आणून समोर ठेवलं. काका, ताटात विस्तव पेटल्यासारखं दिसत होतं! तुमचं सगळं तांबं, चिंच-मिठानं घासलेलं, लालभडक.

"पाय बरं, कसे झकास निंघाले," काकू म्हणाली. "अवंदा आपल्या घरी सन नव्हता. साऱ्या आळीतल्या बाया भांडे घासून राहिल्या व्हत्या. मी रिकाम्या हातानं काय करू? म्हनलं, त्यायचा डबा काढाव."

मी एक पैसा उचलून उन्हाकडे तिरपा धरला.

"जिते होते तोवर मले शिवू देल्लं नाही," ती हसत म्हणाली. "'हात नोको लावू', बस, एवढंच. जसे काही माह्या हाताले किडेच लागले व्हते. आता म्हनलं, लावून तं पाहू."

इथं मला तुमचा राग आला, काका. खरंच आला. बाजारात येणाऱ्या शेळीवाल्याला, बांगडीवालीला, माझ्यासारख्या उंडग्याला तुम्ही बोंबलून सांगितलं की तांबं घासू नका. घरात जी बाई तुमची भाकर थापत होती, तिला का नाही सांगितलं? "हात नोको लावू"च्या पुढे "कारण" म्हणून एक शब्द जोडायला काय जात होतं?

मी चार नाणी खिशात टाकून जालन्याला गेलो. म्हटलं, आपली नजर चुकत असेल. तिथल्या व्यापाऱ्यानं भिंग काढलंसुद्धा नाही. बोटानं नाणी मागे सरकवली आणि विचारलं, "वजनावर देता का?"

परत आलो तर काकू ओट्यावर वाट पाहत बसलेली.

"काय म्हने?"

"सध्या बाजार थंडा आहे काकू. लग्नसराई झाली की..."

"तोंड पाय तुह्यं. लग्नसराईत तांब्याचे पैसे घालतेत का नवरीच्या गळ्यात? सरळ सांग."

सांगितलं. कातडीचं सांगितलं, चिंचेचं सांगितलं, वजनाचंही सांगितलं. मला वाटलं, रडेल. तिनं एक पैसा उचलला, पदरानं पुसायला गेली, आणि तसाच परत ठेवला.

"मंग घरातल्या एका मानसाले सांगाले काय झालं होतं त्यायले?"

हे मी तुम्हाला जसंच्या तसं कळवतोय, काका.

मग तिनंच ताट पुढे ओढलं. "या बाईचे केस घासून गेले, अन् हिचे शाबूत हायेत. मले घासतानीच दिसलं व्हतं. हिची किंमत जास्त व्हती का?"

"हो."

"किती जास्त, ते नोको सांगू." आणि पुन्हा म्हणाली, "हे कोन बुवा हाय दाढीवाला? याच्या झग्यावर डुक्कर काऊन काढलं?"

"हत्ती आहे तो, काकू."

"हा हत्ती? आपल्या पोयाचा मातीचा बैल बरा याच्यापरीस!"

त्या दिवशी आम्ही सगळं ताट पालथं घातलं. एकेक नाणं. तुम्ही मला जे दोन-तीन वर्षांत शिकवलं, ते तिनं संध्याकाळपर्यंत माझ्याकडून काढून घेतलं. शेवटी म्हणाली, "इकायचं नाही. होऊ दे पुन्हा काळं. अन् बाजारातली जागा जाऊ द्याची नाही."

म्हणून आता आम्ही दोघं निंबाखाली बसतो. मी किल्ल्या घासतो, काकू गिऱ्हाइकाशी भांडते. कोपऱ्यात माझी शिवराई अजून आहे. तिची गोष्ट काकू तुमच्याहून तिखट सांगते.

तर आज. एक शेतकरी आला. ठिबकच्या नळीसाठी चर खणताना त्याला पैसा सापडलेला, मातीनं माखलेला. आम्हाला दाखवायचा म्हणून त्यानं त्यावर थुंकी टाकली आणि अंगठा टेकवणार, तेवढ्यात काकू ओरडली,

"हात नोको लावू!"

सगळी ओळ वळून पाहू लागली. तो माणूस दोन पावलं मागे सरला. "ओ बाई, माह्याच पैसा हाय ना हा!"

हसलो आम्ही सगळे. तोही हसला. पैसा थकलेला होता, पण कातडी शाबूत होती. काकूनं त्याला कागदात बांधून दिला आणि का घासायचा नाही, ते नीट, कारणासकट सांगितलं.

संध्याकाळी जीपनं घरी निघालो. गावाचा फाटा आला तेव्हा बाहेर पाहत म्हणाली, "मले त्या मानसाचा राग नव्हता आला बे. भेव वाटलं. पैशासाठी."

"हो."

"मंग त्यायलेही माह्या राग नसन येत."

विचारत होती की स्वतःलाच सांगत होती, मला कळलं नाही. मी म्हणालो, "नव्हता, काकू." तुमच्या वतीनं म्हणालो. चालेल ना? एवढं एक वाक्य तुम्ही संसारात कधीतरी म्हणायला हवं होतं, काका. ते माझ्यावर सोडून गेलात.

स्लॅब नाही पडला. पत्रे गळतात तिथं डांबर लावून दिलं आहे, पुढचंही पाहीन. मी कुठंही भटकलो तरी बाजाराच्या दिवशी निंबाखाली हजर असेन, हा माझा शब्द. आणि ताटातलं तांबं पुडक्यांत बांधून तुमच्या डब्यात परत ठेवलं आहे. काळं व्हायला त्याला जितकी वर्षं लागतील तितकी लागू देत. तोवर मी कुणाला हात लावू देणार नाही.

काकू सोडून.

तुमचा,
भिंगऱ्या