शंभर वॉटचा बल्ब कुणी लावला

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय कागदी लॅम्पशेड बनवणे व शिकवणे, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला डॉक्टरीणबाईंकडून मुद्दाम घेऊन सोबत जोडला आहे. तो का घ्यावा लागला ते कलम दोनमध्ये येईल.

१. माझ्या सुऱ्या, कापायची चटई व सगळे नमुने शनिवारच्या वर्गातल्या शिंपीणबाईंना द्यावेत. जपानी किरिगामीत कागद आधी दुमडतात, मग कापतात. त्यावरून घरच्या घरी जमतील अशा एकेचाळीस शेडचे नमुने मी तयार केले. हे सर्व मुलाने कपाटात बंद करून ठेवले आहे. किल्ली देत नसेल तर कपाट फोडावे.

२. दिवाणखान्यातली शेड माझ्या चुकीने पेटली, हे धादांत खोटे आहे. माझ्या प्रत्येक शेडच्या आत लिहिलेले असते : फक्त एलईडी. पाहुण्यांसाठी झगझगीत उजेड हवा म्हणून मुलाने जुना शंभर वॉटचा बल्ब लावला. कागद पेटला, पडदा गेला, छत काळे झाले. तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "आईचं वय झालंय. कुठला बल्ब लावायचा तेही कळत नाही तिला." पाहुण्यांनी माना डोलावल्या. पोटच्या पोराची लाज राखायला मी गप्प बसले. त्याने दुसऱ्याच दिवशी माझ्या सुऱ्या काढून घेतल्या, वर्ग बंद केला.

३. महिन्याभराने सून माझ्या खोलीत आली. म्हणाली, "आई, बल्ब ह्यांनीच लावला. स्टूल मी धरलं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मला याच घरात राहायचंय."

तिचा राग आला, अजून गेलेला नाही. पण ती म्हणाली ते खरे आहे. म्हणून माझे स्वकष्टार्जित राहते घर मी सुनेच्या एकटीच्या नावे करते. आता तिने बोलावे.

४. मुलाला काही नाही. सुनेने ठेवले तर राहावे.

५. माझ्यामागे त्याच पाहुण्यांना त्याच दिवाणखान्यात बोलावून हे मृत्युपत्र मोठ्याने वाचावे. वाचणार मुलगा. कलम दोन त्याने दोनदा वाचावे.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : चौदा, शनिवार, सकाळी अकरा

लिहून ठेवणारी : (सही)

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. खालच्या मजल्यावरचे वायरमन (सही). जळका होल्डर यांनीच बदलला. बल्ब कुठला होता, ते यांना विचारावे.