भागाबाईच्या मांडीतली पट्टी

८ जाने. ७२
हाड जोडायला मी बनवलेली पोलादी पट्टी पंधरा दिवस मिठाच्या पाण्यात, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, अंगाच्या उष्णतेला. डाग नाही. स्क्रू वेगळ्या बाटलीत, तेही स्वच्छ. डॉ. म्हणाले, "विलायती पट्टी यायला सहा महिने. बाई तोवर खाटेवरच मरायची." पुणतांब्याची भागाबाई. उसाच्या गाडीचं चाक मांडीवरून गेलं. प्लास्टरने हाड जुळेना.

१९ जाने.
पट्टी बसवली. मी दाराबाहेर. साखर तपासणारा माणूस मी, हे कुठल्या हक्काने...

२ मार्च
पुणतांब्याला जाऊन आलो. भागाबाई भिंत धरून चालली. "सायेब, लोखंड चालतंय बरं का तुमचं! सून म्हनती, सासूला आता तेलपानी करावं लागंल." हसलो. बऱ्याच दिवसांनी.

११ एप्रिल
मांडी सुजली. जखमेतून काळपट पाणी. डॉ. म्हणतात जंतू. असेल.

१४ एप्रिल
जंतू नसावेत. पट्टीच्या पोलादाची सळई बाजारात मिळाली नाही, म्हणून स्क्रू दुसऱ्या पोलादाचे केले. दोन्ही तपासले, पण वेगवेगळे. एकत्र कधीच नाही. दोन वेगळे धातू, अंगातलं खारं पाणी, की त्यातला एक गंजतो: हे तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं. आज उरलेली दुसरी पट्टी तिच्या स्क्रूंनी आवळून एकाच बाटलीत, मिठाच्या पाण्यात ठेवली.

२२ एप्रिल
स्क्रूंभोवती तपकिरी कड.
डॉ.ना सांगितलं. म्हणाले, "काढावी लागेल. पण हाड अजून कच्चं आहे, सुटेलही. नाना, तिला जंतूच सांगू. वॉर्डात आणखी दोघं पट्टीची वाट बघतायत. हे फुटलं तर कोण बसवून घेईल?"
ती दोन माणसं मीही पाहिली आहेत. डॉ. खोटं बोलत नाहीत. तरी.

२४ एप्रिल
पुणतांबा. सगळं सांगितलं. सून म्हणाली, "आमी काय उंदरं हाय व्हय, तपासून बघायला?" भागाबाई एवढंच म्हणाली, "काढल्यावर चालंन का मी?" माहीत नाही म्हणालो. तिने तोंड भिंतीकडे केलं.

२७ एप्रिल
आज भागाबाईला दवाखान्यात आणलं. ऑपरेशन उद्या. संमतीच्या कागदावर डॉ.नी 'जंतुसंसर्ग' लिहिलेलं. अंगठ्याला शाई लावली, तशी माझ्याकडे वळली, "वाचा सायेब, काय लिवलंय?" वाचलं.
"तुमी घरी सांगितलं, ते कुठं हाय ह्यात?"
अंगठा तसाच वर धरलेला. मी खिशातलं पेन काढलं आणि 'जंतुसंसर्ग' खोडून लिहिलं: पट्टी आणि स्क्रू वेगळ्या पोलादाचे, म्हणून गंजले; चूक माझी.